पाठी खाली, बाह्या वर

ताईने निकाल दिला आणि दादा लगेच ‘हो’ म्हणाला. खरं तर तिथेच सगळ्यांना शंका यायला हवी होती. धाकटा वेगळं दुकान काढणार हे कळल्यापासून दादाने एकाही गोष्टीला सरळ हो म्हटलं नव्हतं. काजं करायचं मशीन कुणाचं, मोठा आरसा कुणाचा, वडिलांची कात्री कुणाची, प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर एकच, ‘बघू’. आणि ज्या गोष्टीवरून घर फुटायची वेळ आली होती, तिच्यावर मात्र पडत्या फळाची आज्ञा मानून तो मोकळा झाला.

“परत सांगते, नंतर कुणी मला फोन करून रडायचं नाही,” ताई म्हणाली. ती दोघा भावांहून मोठी, इस्पितळात मेट्रन. आज सुट्टी काढून भावांचं भांडण मिटवायला आली होती आणि धाकट्याच्या वरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीवर, वॉर्डात बसावं तशी ताठ बसली होती. “ज्याच्या कॉम्प्युटरमध्ये जे आहे ते त्याचं. खालच्यात आहे ते दादाचं, वरच्यात आहे ते धाकट्याचं. कबूल?”

“कबूल,” दादा म्हणाला.

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, अगदी थोडी.

“कबूल,” तो म्हणाला.

दादाची बायको, मोठी, उठली. “मी खाली जाऊन चहा टाकते.”

“वहिनी, मी करते ना इथेच,” धाकटी म्हणाली.

“तू बस. वाटणी तुझी चाललीये, आमची नाही,” असं म्हणत मोठी जिना उतरलीसुद्धा. चहाची एवढी घाई तिला या घरात आल्यापासून कधी झाली नव्हती.

भांडण होतं साच्यांचं. मास्टर, म्हणजे या तिघांचे वडील, कोट शिवायचे. गिऱ्हाईक एकदा आलं की त्याच्या अंगाचा कागदी साचा कापायचे आणि तो जन्मभर ठेवायचे. एक खांदा पडलेला वकील, पोक आलेला व्हायोलिनवाला, छातीने घोड्यासारखा आणि कमरेने मुलासारखा तो हॉटेलचा दरबान, सगळ्यांची अंगं मास्टरांच्या माळ्यावर टांगलेली असत. तीसुद्धा माणसागणिक नाही. पाठी एका खुंटीवर, पुढे म्हणजे छातीकडचे भाग दुसऱ्या, बाह्या तिसऱ्या. पाठ पाठीशेजारी राहिली की चूक लगेच दिसते, असं ते म्हणत. एक कारागीर काही साचे उचलून समोरच्या दुकानात गेला तेव्हापासून त्यांनी नियम केला होता की साच्याची दुसरी प्रत काढायची नाही. साच्याला भाऊ नसतो, हे त्यांचं वाक्य. स्वतःला दोन मुलगे असताना हे वाक्य ते रोज कसं म्हणायचे, कुणास ठाऊक.

हात थरथरायला लागले तेव्हा मास्टरांनी हे सगळं धाकट्या सुनेच्या हवाली केलं. ती एकेक कागद पसरून पट्टीने मापून कॉम्प्युटरवर आखायची आणि ते शेजारी खुर्ची टाकून बसायचे. इथे अर्धं बोट का सोडलंय, इथे बाहीचा मुंढा का खोल घेतलाय, हा माणूस बोलताना डावा हात उडवतो म्हणून. दादाला कापता यायचं, धाकट्याला शिवता यायचं, पण ‘का’ हा प्रश्न दोघांपैकी कुणी कधी विचारला नव्हता. तो सुनेने विचारला. मास्टर गेले त्याआधी माळ्यावरचे सगळे साचे आखून झाले होते. मग दादाने मोकळ्या मनाने सगळे कागद रद्दीत घातले आणि माळ्यावर कापडाचे तागे चढवले. कॉम्प्युटरमध्ये आहेत ना, मग कचरा कशाला?

आहेत, पण कुठल्या? हा प्रश्न त्याला पडलाच नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘साचे’ नावाचं फोल्डर होतं. त्यावर टिचकी मारली की ते उघडायचं, मग ते आणखी कुठे असणार? वरच्या आणि खालच्या कॉम्प्युटरांना जोडणारी एक निळी वायर जिन्याच्या कठड्याला बांधून नेलेली होती. तिच्यातून वरची काहीतरी कामं चालतात, एवढं त्याचं ज्ञान. रोज सकाळी दुकान उघडलं की तो जिन्याखालून ओरडायचा, “वरचा चालू कर गं!” वरचा का चालू करावा लागतो, हे एकदाही त्याच्या मनात आलं नाही. म्हणून आज तो ताईपुढे बसून मनातल्या मनात हसत होता. बिचारी ताई. स्वतःच्या तोंडाने सगळं आपल्याला देऊन बसली.

धाकटी हसत नव्हती. तिला खरं काय ते माहीत होतं. साचे तिच्याच कॉम्प्युटरमध्ये होते. खाली दिसायचं ते वायरीतून दिसायचं, शेजारच्या खिडकीतून शेजारच्यांचं घर दिसतं तसं. दादा फसतोय, हे तिने पाहिलं. एक वाक्य बोलली असती तर पुरे होतं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. पण रोजची ती हाक, गिऱ्हाइकांपुढे “आमची सून कॉम्प्युटर बघते” असं म्हणणं, मास्टरांच्या तेराव्याआधीच माळा रिकामा करणं, हे सगळं तिला आठवलं आणि वाक्य गिळलं गेलं. आपलं काम आपल्याकडे राहतंय, यात पाप काय, असं तिने स्वतःला समजावलं. जे स्वतःला समजवावं लागतं ते कुठेतरी टोचतच असतं.

आणि खाली मोठी. तिला या घरात सगळे कमी लेखायचे, कारण ती बोलायची फार. पण दुकानाची बिलं ती करायची, आणि वरचा कॉम्प्युटर बंद असला की ‘साचे’ उघडत नाही, उलट नको ती इंग्रजी पाटी येते, हे तिने केव्हाच हेरून ठेवलं होतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत चौकातल्या चहावाल्यालाही कळलं असतं.

तिने गॅसवर आधण ठेवलं, दुकानात आली, ‘साचे’ उघडलं. आत पाच फोल्डर, मास्टरांच्या खुंट्यांप्रमाणे: कॉलर, खिसे, पाठ, पुढा, बाही. तिने सगळे निवडले.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. भांड्यांची वाटणी करताना पातेलं एकाकडे गेलं की दुसऱ्याकडे नसतं. यात तसं नव्हतं. ‘कॉपी’ म्हटलं असतं तर वरचे साचे वर राहिले असते आणि खालीही आले असते. दोघांनाही पूर्ण. जगात भावाभावांना अशी वाटणी कधी मिळते? मोठीला हे माहीत होतं. रोज बिलांची कॉपी ती काढतच होती. पण धाकटीकडे राहिले तर आपल्याला मिळून उपयोग काय? वकील तिच्याकडे जाईल, दरबान तिच्याकडे जाईल. मोठीने ‘कट’ दाबलं. मग आपल्या फोल्डरात येऊन ‘पेस्ट’. हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. वायर जुनी, फायली हजारो. ती आधणात पत्ती टाकून आली, पट्टी सरकतच होती.

वर धाकट्याला एकदम हलकं वाटत होतं. भांडण मिटवायला कुणी सांगितलं असतं तर त्याने आपला हातही कापून दिला असता, एवढा त्याला भांडणाचा कंटाळा.

“झालं ना मग?” तो उठत म्हणाला. “आता ती वायर तरी कशाला? काढून टाकतो. नसतं लचांड.”

“बस रे, चहा येतोय,” ताई म्हणाली.

“एका मिनिटाचं काम.” तो आतल्या खोलीत गेला, कॉम्प्युटरच्या मागे हात घातला आणि वायर उपटली.

खालून मोठीची आरोळी आली. “अहो! अहो, कुणी हात लावला?”

पुढची दहा मिनिटं जिन्यावर जी पळापळ झाली ती मास्टरांच्या हयातीत कधी झाली नव्हती. दादा खाली धावला. धाकटीला आरोळीवरूनच काय ते कळलं, ती आत धावली. तिने फोल्डर उघडलं. पुढा होता, बाही होती. कॉलर, खिसे, पाठ गेले होते. खाली दादाने पडद्यावर उघडंच असलेलं फोल्डर पाहिलं. कॉलर होती, खिसे होते, पाठ होती. पुढा नाही, बाही नाही. आधी त्याला वाटलं, धाकटीने चोरले. मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर वाटलं, काहीतरी वेगळंच आहे.

“तू काय केलंस?”

“तुमच्यासाठी केलं,” मोठी म्हणाली. “तुम्ही कबूल कबूल करत बसला होतात. काय कबूल करताय ते कळत होतं का? सगळं वर होतं. सगळं! तुमच्या हातात धतुरा आला असता.”

दादाला हे समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर त्याने जे केलं ते अगदी त्याच्यासारखंच होतं. तो बायकोवर ओरडला नाही. जिन्याच्या पायथ्याशी जाऊन वर ओरडला.

“चोर! माहीत होतं तुला! तोंडात गुळणी धरून बसली होतीस!”

“आणि तुमच्या बायकोने चहाच्या नावाखाली काय केलं?” धाकटी वरच्या पायरीवर आली. “वहिनी, पाठी परत टाका.”

“आधी तू बाह्या दे.”

“बाह्या माझ्याच आहेत. सगळंच माझं आहे. एकेक रेघ मी आखलीये!”

“आखलीस बाई, पण कुणाची?” मोठी म्हणाली. “सासऱ्यांची. दुकानासाठी. दुकानाच्या विजेवर.”

ताई दोघींच्या मधल्या पायरीवर उभी राहिली. आयुष्यभर तिने नातेवाईकांच्या भांडणातून पेशंट सोडवले होते.

“माझं ऐका,” ती म्हणाली. “वायर परत लावा. खालचं वर कॉपी, वरचं खाली कॉपी. दोघांकडे सगळं. कुणाचं काही जात नाही. अरे, असं कधी होतं का वाटणीत?”

“लावू की,” दादा म्हणाला. “आधी तिचं खाली येऊ दे. मग बघू.”

“तुमचं ‘बघू’ माहीत आहे मला,” धाकटी म्हणाली.

“भाऊजी, तुम्ही तरी बोला हो,” मोठी धाकट्याला म्हणाली. आवाज एकदम लोण्यासारखा. “तुम्हाला पटतं का हे? अर्ध्या कोटाचं ती काय करणार आणि आम्ही काय करणार?”

धाकटा वायरीचं टोक हातात धरून आतल्या दारात उभा होता. त्याने बायकोकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि वायरीकडे पाहिलं. मग म्हणाला, “मला काय कळतंय त्यातलं.”

चहा उतू गेला होता. तो कुणीच प्यायला नाही.

ताई पर्स उचलून निघाली. “तुमचं तुम्ही बघा. दोघंही एका आईच्या पोटचे, आणि अक्कल कुणाच्याच वाट्याला आली नाही.” तिला पोचवायला धाकटी बसथांब्यापर्यंत गेली. दादाने पोचवतो असं म्हटलंही नाही, आणि धाकटा कॉम्प्युटरच्या खोलीतून बाहेर आला नाही.

थांब्यावर दोघीच होत्या. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली, एक कुत्रं सावलीत पसरलेलं. 

“तुला माहीत होतं ना?” ताईने विचारलं. “मी निकाल दिला तेव्हा.”

धाकटीने खोटं बोलायचा विचार केला. पण ताईपुढे ते जमत नसे.

“होतं.”

“मग माझ्या तोंडून का वदवून घेतलंस? मला सांगायचं होतंस, ताई, सगळं माझ्याकडे आहे, पण दादांना प्रत देते. मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते.”

“त्यांनी कागद रद्दीत घातले, ताई. मास्टरांच्या हातचे खडूचे मार्क होते त्यांवर. मी म्हटलं एक तरी ठेवा. तर म्हणाले, तुझ्या मशीनमध्ये आहे ना सगळं, मग रडतेस कशाला.”

“म्हणून तू गप्प बसलीस.”

“म्हणून गप्प बसले.”

ताईने सुस्कारा सोडला. “मोठी लबाड आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तिचं कुणाला वाईट वाटणार नाही. तुझं वाईट वाटलं मला.”

हे ऐकून धाकटीला रडू आलं. दादाने चोर म्हटलं तेव्हा आलं नव्हतं. ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही, ती तशातली नव्हती. फक्त म्हणाली, “तूच आधी दे. सगळ्या बाह्या, सगळे पुढे, प्रत काढून खाली नेऊन दे. काही मागू नकोस. मग त्यालाही पाठी दिल्याशिवाय राहवणार नाही. दादा हट्टी आहे, निर्लज्ज नाही. आणि नाहीच दिल्या तर निदान तू आरशात बघू शकशील.”

“पाठी नाही मिळाल्या तर मी दुकान कशाच्या जोरावर काढू?”

“पुढा आहे, बाही आहे. पाठ तू परत आखशील. बाबा तुझ्याच शेजारी बसायचे ना? दादाच्या शेजारी तर नव्हते.”

बस आली. ताई चढली.

परत येताना धाकटी भराभर चालत होती. मन ठरलं की पावलं हलकी होतात, तसं तिचं झालं होतं. देऊन टाकायचं. दादांच्या हातात द्यायचं, वहिनींच्या नाही. म्हणायचं, माझं चुकलं, मी बोलायला हवं होतं. ते काहीही म्हणोत. व्हायोलिनवाल्याची पाठ तर तिला डोळे मिटून आठवत होती, ते पोक आणि त्याच्याखाली मास्टरांनी घेतलेली ती छोटी चिमटी. वकिलाचा खांदा पुढ्यावरून काढता येईल. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. पण जमेल. किती दिवसांनी तिला वाटलं की जमेल.

धाकटा कॉम्प्युटरपुढे बसला होता. ती आत आल्यावर तो उठून उभा राहिला, कुणी पाहुणं आल्यासारखा.

“बरं झालं आलीस,” तो म्हणाला. “मिटलं सगळं.”

“काय मिटलं?”

“भांडण. दादा वर आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच. मला म्हणाला, बाबांचं दुकान एकच राहू दे. तू गेलास तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. मला कसंतरीच झालं गं.”

धाकटीने त्याच्या मागे पाहिलं. निळी वायर परत जागेवर लावलेली होती.

“तू बाह्या दिल्यास?”

“दिल्या. पुढेही दिले.”

“मीही तेच करणार होते,” ती म्हणाली. तिला क्षणभर खरंच आनंद झाला, नवऱ्याने आपल्या आधी चांगलं केलं याचा. “आणि पाठी?”

“पाठी खालीच आहेत.”

“कॉपी करून घेतल्या नाहीस?”

“दादा म्हणाला, आता वेगळं काय ठेवायचंय? सगळं एका ठिकाणी असलेलं बरं. वहिनी खालून सांगत होत्या, कुठे काय दाबायचं.”

धाकटी माऊसकडे वळली. ‘साचे’ उघडलं. फोल्डर रिकामं होतं. पुढा नव्हता, बाही नव्हती. काहीच नव्हतं.

“कट केलंस,” ती म्हणाली.

“आपलंच आहे ना? खाली काय नि वर काय.” तो तिच्या खांद्यावर हात ठेवायला आला, पण ठेवला नाही. “आपण नाही जायचं आता. दादाने शब्द दिलाय, तुझं नाव पाटीवर घालणार म्हणून. बघू म्हणाला. आणि वहिनी म्हणत होत्या, हा कॉम्प्युटर आता मोकळाच आहे, तर बिलं तू बघ. त्यांना डोळ्यांचा त्रास होतो.”

ती हसली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती भांडली असती तरी बरं वाटलं असतं, भांडणाला निदान शेवट असतो. ती फक्त रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली.

“मला विचारायचं तरी होतंस.”

“तू नव्हतीस ना घरात.”

“बसथांब्यावर होते. हाक मारली असतीस तर ऐकू आली असती.”

“आता चिडू नकोस गं. माझा भाऊ आहे तो. तुला काय, परत आखता येईल तुला. तुला येतंच की.” तो दाराकडे सरकला. “चल, वहिनींनी जेवायला बोलावलंय. सगळे एकत्र बसू. कित्येक दिवसांत बसलो नाही.”

“तू जा.”

“आणि तू?”

“तू जा जेवायला,” धाकटी म्हणाली. आवाज साधा होता, कपडे वाळत घाल म्हणावं तसा. “आणि झोपायलाही तिथेच जा.”

धाकट्याला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय, उतरेल. तो जिना उतरून गेला. मोठीने त्याला पाटाजवळ जागा करून दिली, दादाने स्वतःच्या हाताने वाढलं, आणि वरून काही आवाज येत नाही म्हणजे सगळं शांत झालं असं समजून त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.